मातृत्वाची इच्छा आणि भय

करणीय मेत्त सुत्तात अमर्याद मैत्रीला एकुलत्या एका पुत्रास प्राणपणाने जपणाऱ्या मातेची उपमा दिली आहे. थेरीगाथेत किसा गोतमीच्या गाथांत मात्र एकदा प्रसूत होताच जीवन संपविणाऱ्या स्त्रियांचाही उल्लेख येतो. वात्सल्य आणि वेदना यांची ही दोन्ही चित्रे त्रिपिटकातीलच आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ‘वांझ’ म्हणून हिणवले जाण्याच्या धाकाने स्त्री मूल मागते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगल्यावर तीच स्त्री पुढचे मूल नको म्हणते.

हा निर्णय सर्वस्वी तिचाच असावा, असा विचार १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत मांडला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संततिनियमनाच्या ठरावावर तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तेथे केले. कोणत्याही कारणाने मूल नको असल्यास गर्भधारणा टाळणे स्त्रीला शक्य झाले पाहिजे, असे त्यात प्रतिपादन होते. ठराव फेटाळला गेला. त्याच सुमारास पुण्याच्या शकुंतलाबाई परांजपे यांनी या कार्यास वाहून घेतले; १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज साधने सुलभ झाली आहेत. तथापि नसबंदीची शस्त्रक्रिया बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येते आणि तिच्या होकारापूर्वी अनेक घरांत पतीचा व सासूचा होकार पाहिला जातो. तिच्या मनातील इच्छा आणि भय या दोहोंना दोष न देता तिचे म्हणणे ऐकून घेणे, हे कुटुंबातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.