दारात आलेली म्हातारी : येट्सच्या एकांकिकांतील अद्भुत नायिका

अद्भुत नाट्यातील सामर्थ्यशाली नायिकेचे आकर्षण तिच्या चमत्कारांत असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. डब्ल्यू. बी. येट्स यांच्या एकांकिका वाचताना या गृहीताचा फेरविचार करावा लागतो.

‘कॅथलीन नि हूलिहान’ या एकांकिकेचा पहिला प्रयोग १९०२ साली डब्लिन येथे झाला. शीर्षकभूमिका मॉड गॉन यांनी केली. (संहितेत लेडी ग्रेगरी यांचा वाटा मोठा होता, हे आता सर्वमान्य झाले आहे.) काळ १७९८चा. किलालाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी मायकेलच्या लग्नाची तयारी चालू आहे, हुंड्याचे पैसे आले आहेत. अशा वेळी दारात एक म्हातारी येते. आपल्या घरात परके शिरले, आपली चार हिरवी शेते गेली, एवढेच ती सांगते. देऊ केलेले पैसे ती नाकारते. तिला माणूस हवा आहे, तोही सर्वस्वासह. मायकेल लग्न विसरून तिच्यामागे जातो. म्हातारीची तरुणी झाल्याचे आपल्याला दिसत नाही. धाकटा भाऊ बाहेरून येऊन ते सांगतो. साऱ्या एकांकिकेतला चमत्कार तो एवढाच.

मराठी वाचकाला येथे ज्येष्ठागौरीची कहाणी आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही दरिद्री घरात म्हातारी येते, पण तिच्या पावलांनी मडके भरते. येट्सची म्हातारी भरलेले घर रिकामे करते आणि तरीही प्रेक्षक तिच्याच बाजूला राहतो. त्याचे कारण, माझ्या मते, तिच्या मागणीत आहे: सामान्य शेतकऱ्याच्या मुलाकडे ती वीराकडे मागावे तसे मागते. शिवाय एकांकिकेच्या अवधीत शंकेला सवड नाही. पूर्ण नाटकात वधू डेलियाला दुसरा अंक मिळाला असता.

‘द लँड ऑफ हार्ट्स डिझायर’मधील (१८९४) परीकन्याही बळाने काही घेत नाही. भ्यालेल्या मुलीवर दया येऊन धर्मगुरूच क्रूस बाजूला ठेवतो, आणि तिची सत्ता सुरू होते. दोन्हीकडे जादूला वाट मिळते ती यजमानांच्या सौजन्यातून.

या आकर्षणाची किंमत येट्सना ठाऊक होती. आपल्या त्या नाटकाने काही तरुणांना इंग्रजांच्या गोळ्यांपुढे धाडले काय, हा प्रश्न त्यांनी १९३८ साली एका कवितेत स्वतःलाच विचारला. संहितेत त्या किमतीची नोंद एका रंगसूचनेत आहे: मायकेल निघून गेल्यावर त्याची आई मूकपणे रडणाऱ्या डेलियाला जवळ घेते. समीक्षेने तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही.