आवक फार, जावक नाही

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. ‘असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ हा माझा पक्ष, आणि ‘दहा वर्षांत पडले नाही ते आता काय पडणार?’ हा सौभाग्यवतींचा. माळ्यावरचे रिकामे डबे, काड्या मोडलेल्या छत्र्या, जुन्या डायऱ्या यांवरून दरवर्षी हा सामना रंगतो आणि दरवर्षी तीच जिंकते. 2024 च्या दिवाळीत मात्र तिला एक नवीच अडगळ सापडली.

पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला होता. वीजबिल शोधण्यासाठी त्याने माझा ईमेल त्याच्या संगणकावर उघडला आणि तो मोठ्याने हसू लागला. ‘इनबॉक्स’ या शब्दापुढे आकडा होता 14,268.

“हे काय हो?” सौ.ने पदराला हात पुसत विचारले.

“न वाचलेली पत्रे, काकू,” पुतण्या म्हणाला. “आणि काका, तुम्हाला मिळालेली 15 जीबी जागा भरत आली आहे. ती भरली की नवी पत्रे यायचीच बंद होतील.”

सौ.ने माझ्याकडे पाहिले. “आणि तुम्ही म्हणे एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळलीत!”

घाव वर्मी बसला. महाडच्या एका सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षे कारकुनी केली, आणि त्यातली बरीच आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का, नोंदवहीत अनुक्रमांक, विषय, कोणाच्या टेबलाकडे गेला, केव्हा निकाली निघाला, या रकान्यांतून एक चिठोरेसुद्धा माझ्या हातून कधी निसटले नाही. आणि त्याच माणसाच्या स्वतःच्या घरी चौदा हजार कागद तुंबलेले!

वाचकहो, तुम्ही मनात म्हणाल, ‘आमचेही तसेच आहे.’ असणारच. हा दोष आपल्या एकट्याचा नाही. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते वाटोळे ‘अॅट’चे चिन्ह बसवले. पुरती सात वर्षेही झाली नाहीत तोच, 1978 च्या मे महिन्यात, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ईमेल येणे हा समारंभ होता. पुढे 1 एप्रिल 2004 ला जीमेल निघाले. इतर ठिकाणी चार-दोन एमबी जागा मिळत असताना त्यांनी एक जीबी देऊ केली. तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. पण ती थट्टा नव्हती. जागा एवढी मिळाली, की काही फेकण्याची गरजच उरली नाही, आणि माझ्या पक्षाच्या लोकांना आयतेच कुरण मिळाले.

“काका, सगळी निवडतो आणि उडवतो. दोन मिनिटांचे काम!” पुतण्याचे बोट कळीवर गेलेच होते.

“थांब,” सौ. म्हणाली. “उघडून पाहिल्याशिवाय काही फेकायचे नाही.”

दरवर्षी फेकण्याचा आग्रह धरणारी तीच हे म्हणाली. पुतण्या चकित झाला. मी झालो नाही. तिच्या डोळ्यांपुढे काय आले असेल ते मला ठाऊक होते.

22 जुलै 2021. महाडकराला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली सावित्री पोलादपुरावरून आमच्या गावाशी येते आणि इथेच तिला गांधारी मिळते. पूर आम्हाला नवा नाही. 2005 चाही आम्ही पाहिलेला. पण त्या दिवशी पाणी चढले ते चढतच गेले. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर बसून जीव वाचवला, एवढ्यावरच देवाचे आभार मानायचे.

पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ. गाळाचा एक धर्म असतो. ओला आहे तोवर फावड्याने निघतो. वाळला की दगड होतो. म्हणून घाई करावी लागते. ठिकठिकाणांहून मदतीला तरुण मुले आली होती. एकेक वस्तू उचलून ती विचारत, “काका, ठेवायचे की टाकायचे?” पहिल्या दिवशी आम्ही विचार करून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगात त्राण उरले नाही आणि आम्ही सरसकट ‘टाका’ म्हणत गेलो. त्यात गाळाने झाकण घट्ट धरलेली एक पत्र्याची ट्रंक न उघडताच गेली. गणपतीत सौ.ला आठवले, की आमच्या लग्नाचा आल्बम त्या ट्रंकेत होता, आणि तिच्या आईचा घरात असलेला एकुलता एक फोटोही त्यातच.

त्यावर ती कधी फारशी बोलली नाही. पण तेव्हापासून घरातली कोणतीही पेटी उघडून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

“चौदा हजार पत्रे उघडणार कोण?” पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता. आणि इथे माझ्यातला जुना कारकून जागा झाला.

आमच्या सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठा पद्धत’ म्हणून एक जुनी रीत आहे. टेबलावर आलेला प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. पहिला गठ्ठा चालू कामाचा, दुसरा प्रतीक्षेचा, तिसरा ठरावीक मुदतीने येणाऱ्या नियतकालिकांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात धाडायच्या प्रकरणांचा आणि सहावा ‘ड’ वर्गाचा, म्हणजे नष्ट करायच्या कागदांचा. कागद पुरता वाचण्याआधी तो कोणाचा आणि कशाचा एवढेच पाहायचे. मी म्हटले, “पत्रे उघडायची नाहीत. पाठवणारा पाहून गठ्ठे लावायचे. आणि पहिल्यांदा आपली माणसे बाजूला काढायची.”

शोधाच्या चौकटीत मी एकेक नाव सांगत गेलो आणि पुतण्या ते इंग्रजीत लिहीत गेला. बहीण, मेहुणा, जुने सहकारी. काही लग्नपत्रिका निघाल्या, मुहूर्त कधीच उलटून गेलेले. मग मी बडोद्याला स्थायिक झालेल्या माझ्या वर्गमित्राचे नाव सांगितले. पुरात आमचा घरचा फोन कायमचा मुका झाला आणि पत्त्यांची वही वाहून गेली, तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती. मीही, खरे सांगायचे तर, शोध घेतला नव्हता.

तीन पत्रे निघाली. पहिले ऑगस्ट 2021 चे. ‘फोन लागत नाही म्हणून इथे लिहितो. टीव्हीवर महाड पाहिले. सगळे सुखरूप आहात ना? तुझ्या लग्नात मी काढलेले फोटो सापडले, सोबत धाडतो. मिळाल्याचे कळव.’ दुसरे दिवाळीचे. ‘फोटो मिळाले का? काळजी वाटते.’ तिसरे जानेवारी 2022 चे. ‘सगळे ठीक असल्याचे एकाकडून समजले. बरे वाटले. तुला बोलायचे नसेल तर तसे असो.’ त्यानंतर काही नाही.

पहिल्या पत्राला नऊ फोटो जोडलेले होते. चौथ्यात मुंडावळ्या बांधलेली सौ. होती आणि तिच्या मागे, हातात औक्षणाचे ताम्हन घेऊन, तिची आई उभी होती.

सौ. पडद्यापुढे बसून राहिली. पुतण्याने कळीवरचे बोट केव्हाच काढले होते.

त्यानंतर आम्ही चार संध्याकाळी खपून तो गाळ उपसला. कसा, ते सांगतो; कदाचित तुमच्या उपयोगी पडेल.

आधी पाण्याचे तोंड बंद करावे. बहुतेक पत्रे आपण कधीकाळी जिथे एखादी वस्तू घेतली त्या दुकानांची असतात. मी एकदा चपला घेतल्या होत्या; त्या झिजून गेल्या तरी जाहिराती येतच होत्या, अकराशेच्या वर! अशा पत्रात ‘अनसबस्क्राइब’ हा इंग्रजी शब्द असतो. त्यावर टिचकी मारली, की यादीतून नाव निघते. 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक जाहिराती पाठवणाऱ्यांना ही सोय एका टिचकीत देणे आणि दोन दिवसांत नाव काढणे सक्तीचे केले आहे. मात्र पाठवणारा अनोळखी वा संशयास्पद असेल, तर त्याच्या पत्रातल्या कशालाही हात लावू नये. आपला पत्ता चालू असल्याचे त्याला तेवढ्यावरून कळते. तिथे ‘स्पॅम’ची कळ दाबावी.

मग उपसा. हे काम मोबाइलवर नव्हे, संगणकावर करावे. एका दुकानाचे नाव शोधले, की त्याची सगळी पत्रे एकदम निवडता येतात. तारखेप्रमाणे वाचत बसलात तर महिने लागतील. पाठवणाऱ्याप्रमाणे काढलीत तर हजार पत्रे एका दमात जातात. चुकून काही गेलेच, तर कचरापेटीत ते तीस दिवस राहते. फोटो, फाइली आणि पत्रे या सर्वांना मिळून जागा एकच असल्याने जड फाइलींची पत्रेही पाहून घ्यावीत.

उरलेल्यांसाठी माझे सहा गठ्ठे. उत्तर द्यायचे असेल त्यावर तारा काढावा. दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलो असू ते पत्र ‘स्नूझ’ करावे, म्हणजे ठरल्या दिवशी ते आपण होऊन पुन्हा समोर येते. बिले, हप्ते, बँकेचे उतारे हा नियतकालिकांचा गठ्ठा. निवृत्तिवेतनाचा आदेश, विमा, दवाखान्याचे अहवाल हे आपले स्थायी आदेश. त्यांना नावाची चिठ्ठी लावून ठेवावी. काम झालेले पण जपायचे ते ‘अर्काइव्ह’ करावे. पुष्कळांना ही कळ म्हणजे नाश वाटतो, तसे नाही. तो अभिलेख कक्ष आहे. कागद टेबलावरून हलतो, शोधला की हाती येतो. बाकी सारा ‘ड’ वर्ग.

रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला मी टपाल पाहतो. मधल्या वेळात पाहत नाही. 2006 साली मर्लिन मान नावाच्या अमेरिकी लेखकाने ‘इनबॉक्स झिरो’ ही कल्पना मांडली. लोकांना वाटले, पत्रे शून्यावर आणायची. त्याचे म्हणणे निराळेच होते: शून्यावर आणायचे ते आपले मन त्या पेटीत अडकून पडणे.

पाडव्याला मी पत्रातल्या क्रमांकावर बडोद्याला फोन लावला. नाव सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मी क्षमा मागितली, चौदा हजारांचा आकडा सांगितला, फोटो मिळाल्याचे सांगितले.

“तीन वर्षांनी पोच!” तो अखेर म्हणाला. “अरे, आपले पोस्टमनसुद्धा असे कधी वागले नाहीत.” आणि मग तो हसला. शाळेत हसायचा तसाच.

सौ.ने माझ्या हातातून फोन घेतला. तिला त्याच्याशी त्या चौथ्या फोटोबद्दल बोलायचे होते. आता तो मोठा करून, चौकट घालून, आमच्या भिंतीवर लावला आहे. पुराच्या पाण्याची खूण जिथवर आहे त्याच्या चांगला हातभर वर.

आज सकाळी इनबॉक्सपुढचा आकडा पाच होता. त्यांतले एक पत्र बडोद्याचे. त्याला आधी उत्तर दिले, आणि मग बाकीचे टपाल उघडले.