पर्यावरण संस्थांची नवी ओळख आणि संकेतस्थळ : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रत्येक स्वयंसेवी संस्थेच्या वाटचालीत असा एक टप्पा येतो की, स्थापनेच्या वेळी घेतलेले नाव, बोधचिन्ह व माहितीपत्रके तिच्या विस्तारलेल्या कार्यास अपुरी पडू लागतात. तेव्हा संस्था स्वतःची ओळख नव्याने मांडते. व्यवस्थापनशास्त्रात या प्रक्रियेस ‘रीब्रँडिंग’ असे म्हणतात. ही संकल्पना मूलतः बाजारपेठेतील आहे. पर्यावरण संस्थेस मात्र ग्राहकाऐवजी विश्वास संपादन करावयाचा असतो, आणि तोही बरेचदा परस्परविरोधी हितसंबंध असणाऱ्या समूहांचा. त्यामुळे नाव व चिन्ह बदलताना काय टिकवावे, हा प्रश्न काय बदलावे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’चे उदाहरण उद्बोधक आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्य वन्यप्राण्यांपुरते मर्यादित न राहिल्याने १९८६ मध्ये तिने ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’ असे नाव स्वीकारले. अमेरिका व कॅनडा येथे मात्र जुनेच नाव कायम राहिले. नाव बदलले तरी ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ ही आद्याक्षरे आणि सर पीटर स्कॉट यांचा पांडा चिन्ह म्हणून कायम राहिला. काळ्या-पांढऱ्या छपाईत हे चिन्ह कमी खर्चात उमटते, हा व्यावहारिक विचारही त्यामागे होता. पुढे याच आद्याक्षरांवरून कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीशी वाद झाला. १९९४ मध्ये करार होऊनही कंपनीने ही अक्षरे आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यात वापरली. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले, २००१ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला आणि २००२ मध्ये कंपनीस ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ हे नाव घ्यावे लागले. संकेतस्थळाचा पत्ता हीदेखील संस्थेची मालमत्ता असते, हे यावरून दिसते. आपल्याकडे अनेकदा हा पत्ता संस्थेऐवजी तो तयार करून देणाऱ्या व्यक्तीच्याच नावावर नोंदलेला राहतो!

महाराष्ट्रातील ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ने याच्या उलट मार्ग स्वीकारला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये ‘मुंबई’ झाल्यावरही आपल्या नावातील ‘बॉम्बे’ कायम ठेवले. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाचा अभ्यासक जगभर याच नावाने संदर्भ देतात. तिच्या बोधचिन्हातील धनेशालाही इतिहास आहे. ‘विल्यम’ नावाचा धनेश १८९४ ते १९२० या काळात संस्थेच्या कार्यालयातच वास्तव्यास होता.

यवतमाळ जिल्ह्यात बोधचिन्हाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टिपेश्वर अभयारण्यामुळे वाघ हे चिन्ह येथे सहज सुचते व शहरी देणगीदारास ते भावतेही. परंतु राळेगाव-पांढरकवडा परिसरात ‘अवनी’ अर्थात टी-१ वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा व्यक्तींचा बळी गेल्याचे मानले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळी घालून मारली गेली. त्यावरून शहरांत निषेध झाला, तर गावांत सुटकेची भावना व्यक्त झाली. ज्या घरातील माणूस गेला, त्या घरापर्यंत जाणाऱ्या पत्रकावर डरकाळी फोडणारा वाघ छापणे प्रस्तुत लेखकास अनुचित वाटते. पळस, मोह किंवा पैनगंगेचा प्रवाह ही चिन्हे दोन्ही पक्षांस परकी वाटणार नाहीत.

संकेतस्थळाबाबत पहिला मुद्दा लिपीचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ‘श्री-लिपी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. या पद्धतीत प्रत्येक चिन्हास इंग्रजी अक्षरांसाठी राखलेला संकेतांक दिलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो आणि शोधयंत्रास तो सापडत नाही. संस्थांचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे वृक्षगणना व पाणवठ्यांचे अहवाल याच स्वरूपात पडून आहेत. नवे मुखपृष्ठ सजविण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे अगत्याचे आहे. या रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. म्हणून मुद्रितशोधनासाठी मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांचे साहाय्य घ्यावे.

पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचेल, अशी तांत्रिक व्यवस्था करावी लागते. ती न केल्यास शोधनिबंधांत व शासकीय पत्रव्यवहारात दिलेले संदर्भ निरुपयोगी होतात. देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून उपलब्ध आहे. तो जोडीला घेता येईल.

दुसरा मुद्दा भाषेचा. देणगीदारासाठी इंग्रजी पाने आवश्यकच आहेत. तथापि मराठी पाने हा त्यांचा त्रोटक अनुवाद नसावा. जिल्ह्यातील कोलाम समाजाची कोलामी ही द्रविड कुलातील भाषा आहे व तिला स्वतःची रूढ लिपी नाही. तेथे लिखित पानापेक्षा दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण उपयोगी पडेल. ग्रामीण वाचक संकेतस्थळ मोबाइलवरच पाहतो, हे ध्यानी घेऊन छायाचित्रे हलकी ठेवावीत. वाघाने गाय किंवा बैल मारल्यास वनविभागास कोणी, कसे व किती मुदतीत कळवावे, पंचनामा कोण करतो, अर्जासोबत काय जोडावे, ही माहिती मुखपृष्ठावर अध्यक्षांच्या मनोगताच्या वर असावी.