अंगावरचें दूध आटवितांना

ज्या मातेचें मूल जन्मतांच जातें, तिच्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आणखी एक दुःख येऊन कोसळतें. तें म्हणजे पान्हा. पाळणा रिकामा आणि स्तन मात्र दाटून आलेले, या अवस्थेची कल्पना तिला आधीं कोणीं दिलेली नसते. घरांतलीं वडील माणसें हा विषय टाळतात. तिलाहि विचारण्याचा संकोच वाटतो.

दूध मुलाकडे पाहून येत नाहीं; वार पडली कीं येतें. पोटांत असेपर्यंत वारेचे अंतःस्राव दुधाला थोपवून धरतात. ती पडतांच हा बांध सुटतो व प्रोलॅक्टिन या स्रावाला मोकळें रान मिळतें. पांचव्या महिन्यांत गर्भ गेला तरीहि असें घडूं शकतें. पुढचा सारा हिशेब मात्र मागणीचा. स्तन रिकामे होतील तितकें नवें दूध बनतें. भरलेले राहिले म्हणजे दूध बनणें आपोआप मंदावतें.

तेव्हां दूध पूर्ण पिळून काढूं नये. ठणका असह्य झाल्यास जरा हलकें वाटेल इतकेंच हातानें काढावें. आधार देणारी पण न आवळणारी चोळी, थंड पाण्याच्या घड्या आणि वेदनेवर साधें पॅरासिटामॉल, एवढें बहुतेकींना पुरतें. गरम शेकानें पान्हा सुटतो, म्हणून तो वर्ज्य. घट्ट पट्टा बांधण्याची जुनी चाल तर सोडलेलीच बरी. तिनें वेदना व गांठी वाढतात. पाणी तोडणें हा निव्वळ छळ आहे. ठणका चार-पांच दिवसांत उतरूं लागतो. थेंब थेंब दूध मात्र कांहीं आठवडे दिसतें.

दक्षिणेकडे स्तनांवर मोगऱ्याचे गजरे बांधतात. वेलोरच्या डॉक्टरांनीं या रीतीची ब्रोमोक्रिप्टिन या औषधाशीं तुलना करून १९८८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोलॅक्टिन औषधानें अधिक उतरलें. परंतु दूध कमी होण्यांत गजरे मागें पडले नाहींत. साठ स्त्रियांवरील एवढ्याशा प्रयोगावर मी फार भिस्त ठेवणार नाहीं. पण गजऱ्यानें अपाय तरी होत नाहीं.

ब्रोमोक्रिप्टिनचें तसें नाहीं. रक्तदाब चढणें, झटके, पक्षाघात अशा तक्रारींमुळें अमेरिकेंत १९९४ सालीं त्याचा हा उपयोग बंद झाला. आज कॅबरगोलिनची १ मिलिग्रॅमची एकच मात्रा प्रसूतीच्या पहिल्या दिवशीं देतात. तीहि डॉक्टरांनींच ठरवावी. गरोदरपणांत रक्तदाब चढलेल्या वा मनोविकार झालेल्या स्त्रीस ती देत नाहींत. ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल व कढत झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

एखादीस दूध आटविणें जिवावर येतें. तिला तें दान करतां येईल काय, हेंहि विचारावें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं दुग्धपेढी निघाली. अशा पेढींत मातेचें रक्त तपासून, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, मगच अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पाजतात.