समुद्राचे निर्णय दिल्लीत, पण कोणाला विचारून?

दिल्लीला समुद्र नाही. गाझीपूरच्या घाऊक बाजारात बर्फाच्या पेट्यांतून येणारी मासळी, एवढाच काय तो सामान्य दिल्लीकराचा समुद्राशी संबंध. पण खोल समुद्रात कोणत्या जहाजाने मासेमारी करायची, मोठे बंदर कुठे बांधायचे, भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर घर उभे करायचे, हे सारे ठरते ते याच शहरातल्या मंत्रालयांत. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्या कोळी, खारवी, गाबीत, मांगेला, दालदी कुटुंबांना ते ठरवताना विचारले जाते का? या प्रश्नाचे उत्तर कधी ‘नाही’, कधी ‘हो’ असे आले आहे. आणि दोन्ही वेळचे परिणाम आपल्यासमोर आहेत.

बारा मैलांपलीकडचा कारभार

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते. त्यापुढे दोनशे सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र १९७६ च्या कायद्याने भारताचे ठरले आणि तेथील मासेमारी केंद्राच्या हाती आली. हे क्षेत्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर आहे. कागदावर ही वाटणी सोपी दिसते. पण मासा काही हद्द ओळखत नाही. अंडी घालायला तो उथळ पाण्यात येतो, मोठा होऊन खोल पाण्यात जातो. बाहेर जास्त उपसा झाला की आतल्या जाळ्यात कमी येते. किनाऱ्यावरच्या तांडेलाला हे शिकवावे लागत नाही. तेव्हाच्या धोरणकर्त्यांना मात्र ते पटवून द्यावे लागले.

परदेशी जहाजांचे धोरण

मार्च १९९१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे नवे धोरण जाहीर केले. परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून किंवा त्यांची जहाजे भाड्याने घेऊन मासेमारी करण्यास त्यात मुभा होती. आपल्या खोल समुद्रातली संपत्ती वाया जाते, ती काढायला आपल्याकडे मोठी जहाजे नाहीत, परदेशी तंत्रज्ञान आले तर निर्यात वाढेल, असा त्यामागचा विचार. तो अगदीच निराधार नव्हता. पण वर्षानुवर्षे त्याच समुद्रात जाणाऱ्यांना विचारल्याशिवाय तो अमलात आला.

त्याचा परिणाम अनपेक्षित झाला. एरवी होडीवाला आणि ट्रॉलरवाला यांचे वैर जुने. ट्रॉलर आमची जाळी फाडतात, लहान मासळीसुद्धा खरवडून नेतात, ही होडीवाल्यांची तक्रार आजही आहे. पण या धोरणाविरुद्ध दोघेही एकत्र आले. त्यांच्यासोबत मासळीवर प्रक्रिया करणारे आणि निर्यातदारही आले, कारण मासळी भर समुद्रातूनच परस्पर गेली तर बंदरावरचा बर्फाचा कारखाना, कोळंबी सोलणाऱ्या बायका, टेम्पोवाला आणि गोदामवाला यांच्या हाती काय उरणार? १९९४ मध्ये देशभरच्या किनाऱ्यावर संप झाले.

खुर्ची मिळाली, धोरण बदलले

फेब्रुवारी १९९५ मध्ये सरकारने निवृत्त सनदी अधिकारी पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली फेरविचार समिती नेमली. मच्छीमार संघटनांचे त्याने समाधान झाले नाही. मे १९९५ मध्ये राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे नेते थॉमस कोचेरी यांनी पोरबंदरला उपोषण केले. त्यानंतर समितीचा विस्तार होऊन ती ४१ सदस्यांची झाली. किनारी भागातले खासदार आणि मच्छीमारांचे प्रतिनिधी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसले.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अहवाल आला तो २१ शिफारशींचा. परदेशी भागीदारीचे आणि भाडेतत्त्वावरील जहाजांचे परवाने कायदेशीर मार्गाने रद्द करावेत, नवे देऊ नयेत. वीस मीटरपेक्षा लहान बोटी जिथे मासेमारी करतात किंवा नजीकच्या काळात करू शकतील, तिथे त्याहून मोठ्या जहाजांना प्रवेश नसावा. खोल समुद्रात जाण्यासाठी आपल्याच मच्छीमारांना प्रशिक्षण आणि कर्ज द्यावे. मत्स्यव्यवसायाचा सर्व कारभार एकाच मंत्रालयाकडे असावा. खोल समुद्रासाठीचे नियम मच्छीमारांशी सल्लामसलत करून करावेत, अशी त्यांची दिशा होती.

यात ‘आम्हाला खोल समुद्र नको’ असे कुठेही नाही. ‘आम्हीच तिथे जाऊ, आम्हाला तयार करा’ असे म्हटले आहे. विरोध करणारे टेबलाशी बसले की पर्यायही घेऊन येतात, हे मुरारी समितीने दाखवून दिले.

अहवालानंतरची लांब वाट

अहवाल आला म्हणजे काम झाले असे नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये मुंबईत पुन्हा उपोषण झाले, १९९७ मध्ये सरकारने शिफारशी स्वीकारल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या मच्छीमारांचे प्रतिनिधी नवी दिल्लीत जमले आणि त्यांनी आपली जागतिक संघटना स्थापन केली. २१ नोव्हेंबर हा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन त्याचीच आठवण आहे. समुद्र नसलेल्या शहराने मच्छीमारांना दिलेला हा एक दिवस!

मत्स्यव्यवसायाचे स्वतंत्र खाते मात्र केंद्रात २०१९ मध्ये झाले. खोल समुद्रातील मासेमारीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे आणि परदेशी जहाजांना मज्जाव आहे. मुरारी समितीच्या अहवालानंतर तब्बल २९ वर्षांनी!

वाढवणची कसोटी

आज महाराष्ट्रापुरता हाच प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराच्या रूपाने उभा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, १९९८ मध्ये बंदराचा तेव्हाचा प्रस्ताव नाकारला. पुढे नवा प्रस्ताव आला आणि ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्याला अटींसह संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ऑगस्टअखेर पंतप्रधानांनी पायाभरणी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले.

सरकारची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. जगातली अजस्र कंटेनर जहाजे थेट लागू शकतील अशी नैसर्गिक खोली इथे आहे. लाखो रोजगार मिळतील, असे सरकार सांगते. पण त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे. मच्छीमार म्हणतात, तिथेच तर आमची जाळी लागतात. आणि प्रश्न फक्त जाळ्यांचा नाही. बोंबील वाळवणाऱ्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या स्त्रिया, डहाणू-घोलवडचे चिकू बागायतदार, चिंचणी-वाढवण परिसरात घरोघर चालणारा डायमेकिंगचा, म्हणजे दागिन्यांचे साचे घडवण्याचा व्यवसाय, यांचेही भवितव्य त्यात आहे. जनसुनावणी झाली ती १९ जानेवारी २०२४ रोजी. तोवर प्रकल्पाचा आराखडा पूर्ण झालेला होता.

आधी विचारा

नेमकी अडचण इथेच आहे. आराखडा झाल्यावर घेतलेल्या सुनावणीत लोक फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतात. ‘असे नको, तसे करा’ म्हणायची संधी त्याआधीच निघून गेलेली असते. पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा, असा नियम आहे. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीतच असतो. तो संपूर्ण मराठीत का मिळू नये? समितीत सुरुवातीपासून मच्छीमार संस्थेचा, विक्रेत्या महिलांचा आणि स्थानिक लघुउद्योगाचा एकेक प्रतिनिधी का असू नये? बाधितांची मोजणी बोटींपाशी न थांबता बर्फ कारखान्यापर्यंत आणि मासळी वाळवणाऱ्या अंगणापर्यंत का जाऊ नये?

याला फार खर्च येत नाही. थोडा वेळ लागतो, एवढेच. तो वाचवण्याच्या नादात संप, उपोषणे आणि कोर्टकचेऱ्यांत किती वर्षे जातात, याचा हिशेब १९९१ च्या धोरणाने दिलेला आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच समुद्रात उतरण्याची रीत कोळीवाड्यांत आहे. दिल्लीने नारळ वाहिला नाही तरी चालेल. पण समुद्रात उतरण्याआधी त्याच्या काठावरच्या माणसाला विचारण्याची रीत तेवढी पाळावी.