देणार काय, आणि कोणाच्या पैशाने?

विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणजे उमेदवाराला त्याची भूमिका विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही. त्या दिवसांत तो सर्वच प्रश्नांना अनुकूल असतो. रस्ता मागणाऱ्यास रस्ता, पाणी मागणाऱ्यास पाणी आणि करमाफी मागणाऱ्यास करमाफी द्यावयास तो सिद्ध असतो. आणि ज्या दोन शिष्टमंडळांच्या मागण्या परस्परांना छेद देतात, त्या दोघांचेही हार तो एकाच सायंकाळी, सारख्याच प्रसन्न मुद्रेने, गळ्यात घालून घेतो. म्हणून हा विषय गदारोळ नसतानाच काढलेला बरा. महाराष्ट्राची पुढील विधानसभा रिवाजाप्रमाणे २०२९ च्या अखेरीस निवडली जावयाची आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात २८८ जागांसाठी चार हजारांहून अधिक उमेदवार उभे होते. त्या प्रत्येकाने प्रतिज्ञापत्र दाखल केले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांमुळे उमेदवाराची मालमत्ता, कर्जे, त्याच्यावरील खटले व शिक्षण मतदाराला आज कळू शकते, ही लहानसहान प्राप्ती नव्हे. परंतु आमदारकीचे मुख्य काम कायदे करणे आणि राज्याच्या खर्चाला मंजुरी देणे हे असताना, कोणत्या कायद्याला आपण पाठिंबा देऊ व कोणत्या खर्चाला हरकत घेऊ, यासाठी त्या कागदावर एक ओळही नाही. उमेदवाराच्या घरातील सोने किती तोळे आहे ते आपण वाचतो. त्याच्या डोक्यात काय आहे ते मात्र त्याच्या भाषणांवरून ताडावे लागते.

आणि भाषणे तरी कशी होती? सरकारने त्याच वर्षी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू करून पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये देण्यास प्रारंभ केला होता. सत्तारूढ महायुतीने प्रचारात २१०० चे आश्वासन दिले. महाविकास आघाडीने ३००० चा आकडा पुकारला. याला धोरणविषयक मतभेद म्हणावे की लिलाव? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाती पडणाऱ्या दीड हजारांची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. त्या पैशाने मुलाची वही येते आणि औषधाची बाटली येते. आमचा आक्षेप वेगळाच आहे. २१०० कोठून येणार आणि ३००० कोठून येणार, हा प्रश्न सभांतून कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर २०२५ च्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाने दिले. योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली, महसुली तूट ४५,८९१ कोटींची अंदाजिली गेली, आणि प्रचारातील २१०० त्या अर्थसंकल्पात काही उतरले नाहीत.

हे वाचून आपला सुशिक्षित वाचक मान डोलावील. त्याने ती जरा जपून डोलवावी. २०२२ च्या आरंभी मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय झाला, तेव्हा महापालिकेच्या तिजोरीची चिंता आमच्या दिवाणखान्यांतून फारशी ऐकू आली नव्हती. दुसऱ्याला मिळते ती खैरात आणि आपल्याला मिळतो तो न्याय, हे तर्कशास्त्र कोणत्याही एका वर्गाची मिरास नाही.

याच राज्यात एक काळ असा होता की, द्यावयाचे आणि घ्यावयाचे एकाच श्वासात सांगितले गेले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. विधिमंडळाने १९७७ साली तिचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातील ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम हवे असेल त्याला ते दिलेच पाहिजे, न दिल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे, असा तो कायदा होता. पैसा कोठून? त्यासाठी १९७५ सालीच व्यवसाय कराचा कायदा झाला होता. शहरातील कारकून, प्राध्यापक, वकील, डॉक्टर यांच्या मिळकतीतून तो कापला जावयाचा आणि तेवढीच भर सरकारने घालावयाची. आजही बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी वजावट दिसते, ती हीच. वर्षाचे २५०० भरतात. त्याहून अधिक घेण्यास संविधानाचा २७६ वा अनुच्छेद आडवा येतो. खेड्यातल्या मजुरासाठी आम्ही तुमच्या खिशात हात घालणार, असे शहराला बजावून हा कर बसला. आम्ही ज्याला भूमिका म्हणतो ती ही.

पैशाचे एक असे झाले. परंतु पैशाचा संबंध नसलेल्या प्रश्नांवर तर उमेदवाराला कोणी हटकतच नाही. शिक्षण हा १९७६ पर्यंत राज्याचा विषय होता, पुढे तो समवर्ती सूचीत गेला. तरी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे अद्याप मुख्यतः राज्यच ठरवते. पहिलीतल्या मुलाने किती भाषा शिकाव्यात, हा २०२४ च्या प्रचारातला वादविषय नव्हता. पाचच महिन्यांनी, १६ एप्रिल २०२५ रोजी, मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. ओरड झाली. १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात सक्ती गेली आणि हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील असे झाले. ज्याने वर्गात कधी क्रियाविशेषण अव्यय शिकविले असेल, त्याला या एका शब्दाच्या कर्तबगारीचे कौतुकच वाटेल! अखेर २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही निर्णय रद्द झाले. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, लाखो मुलांच्या पाटीवरचा हा खेळ मांडलाही गेला सभागृहाबाहेर आणि मोडलाही गेला सभागृहाबाहेर. कोणाही आमदाराला त्यावर हात वर करावा लागला नाही.

यावर उमेदवारांचे एक ठरलेले उत्तर असते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमचे हात बांधले आहेत, पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाते, मग आमच्या वैयक्तिक मताला काय किंमत? उत्तरात तथ्य आहे, पण अर्धेच. पक्षादेश मताला बांधतो. तारांकित प्रश्नाला बांधत नाही, पक्षाच्या बैठकीत तोंड उघडण्यास बांधत नाही. आणि जे निर्णय मतास टाकलेच जात नाहीत, त्यांच्याबाबत ही सबब चालावयाचीच नाही.

मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयांत होते हे खरे. पण प्रभागरचनेचे कायदे याच काळात विधिमंडळ करीत आणि फिरवीत होते. २०२४ मध्ये नगरसेवकच नसलेल्या या शहरात आमदारकीचे उमेदवार गटारे आणि पदपथ यांवर मते मागत फिरले. पुढल्या वेळी दारात येणाऱ्यास गटाराविषयी विचारू नये. महापालिकेची मुदत संपून सहा महिने निवडणूक झाली नाही, तर सभागृहात उठून कारण विचाराल काय, आणि मंत्री आपल्याच पक्षाचा असला तरी विचाराल काय, एवढे विचारावे. उत्तर मिळाल्यास तारीख घालून लिहून ठेवावे.