देवडी आणि दिंडी

एखाद्या लहान कचेरीत हिशेबाचं सॉफ्टवेअर १९२.१६८.१.२० या पत्त्याच्या संगणकावर चालतं. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. इंटरनेटवर ते चालत नाहीत, त्यामुळे बाहेरचा माणूस तिथे थेट पोहोचत नाही. घरून काम करायची वेळ आली, की कुणीतरी राउटरमध्ये पोर्ट उघडून देतं आणि हिशेबाचं लॉगिन पान साऱ्या जगाला दिसू लागतं. उघडे पोर्ट चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. जुन्या सॉफ्टवेअरमधली एक फट त्यांना पुरते.

जुन्या वाड्यात आलेला माणूस आधी देवडीवर थांबे. रिव्हर्स प्रॉक्सी ही तीच देवडी. एनजिनएक्स, कॅडी, एचएप्रॉक्सी ही त्यासाठीची नावाजलेली सॉफ्टवेअर. ब्राउझरची मागणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रॉक्सीकडे येते. प्रमाणपत्र प्रॉक्सीजवळ असतं, म्हणून कूटबद्ध मजकूर तिथेच उलगडतो. मागितलेलं नाव पाहून प्रॉक्सी ठरवते : ही मागणी हिशेबाची, ती फाइलींची. मग ती आतल्या सर्व्हरला स्वतः विचारते आणि उत्तर आणून देते. मूळ मागणी कुठून आली, तो पत्ता एका हेडरमध्ये पुढे पाठवते. बाहेरून आलेला तसलाच हेडर मात्र पुसायला हवा, नाहीतर कुणीही खोटा पत्ता सांगेल.

इथे एक चूक सर्रास होते. प्रॉक्सी बसवली, पण आतला सर्व्हर सगळ्यांचंच ऐकत राहिला, तर देवडी टाळून मागच्या दारानं कुणीही जाईल. दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर सर्व्हर १२७.०.०.१ वरच ठेवावा; वेगळ्या यंत्रांवर असतील तर फायरवॉलमध्ये फक्त प्रॉक्सीला वाट द्यावी.

एवढं करूनही लॉगिन पान जगाला दिसतंच. ते फक्त आपल्या माणसांना दिसावं, यासाठी देवडीच्याही बाहेर एक दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, हवी; ती व्हीपीएनची, म्हणजे दोन टोकांमधल्या कूटबद्ध वाटेची. जाहिरातींतले व्हीपीएन आपला पत्ता संकेतस्थळांपासून लपवतात. कचेरीत शिरायला ते उपयोगाचे नाहीत. इथे व्हीपीएनचं दुसरं टोक आपल्याच कचेरीत हवं.

नव्यानं व्हीपीएन बसवायचा असेल तर मी वायरगार्ड निवडेन. २०२०मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी असते. अनोळखी पॅकेटला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. फोन हरवला तर तेवढी किल्ली काढून टाकायची. मात्र तो फक्त यूडीपीवर चालतो. एखाद्या नेटवर्कवर यूडीपी अडवलेलं असेल, तर टीसीपीच्या ४४३ पोर्टवर चालणारा ओपनव्हीपीएन कामी येतो. वेगळं अॅप टाकायचंच नसेल, तर विंडोज आणि आयफोनमध्ये आयकेईव्ही२ हा व्हीपीएनचा प्रकार आधीच असतो.

व्हीपीएन बसला, की राउटरमध्ये उघडलेला जुना पोर्ट आठवणीनं बंद करावा. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर हिशेबाचं पान उघडून पाहा. व्हीपीएन बंद असताना ते उघडता कामा नये. सुरू केल्यावर लगेच उघडायला हवं. दोन्ही वेळा असंच घडलं, तरच काम पुरं झालं.